पवनारची पांढरी

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने दोन-अडीच कोसांवर, धाम नदीच्या काठी वसलेले पवनार आज विनोबांच्या परंधाम आश्रमामुळे सर्वश्रुत असले, तरी ज्या उंच पांढरीवर हे गाव बसले आहे, ती मातीच्या घरांवर मातीची घरे पडून शतकानुशतके साचलेले प्राचीन नगर आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

मातीचे नगर सर्वत्र असे थरांतच उरते असे नाही. पेरू देशातील चानचान या चिमू राजांच्या राजधानीत, इंकांनी ती पंधराव्या शतकात जिंकून घेतल्यानंतरही, कच्च्या विटांच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. कारण तेथे पर्जन्य जवळजवळ नाही, आणि एल निनोच्या वर्षी तो आलाच तर त्याही विरघळू लागतात. आमच्या वऱ्हाड-नागपूर प्रांती दरसालच्या पावसात भिंत टिकत नाही. टिकतो तो थर, आणि त्यातील राख, खापरे व नाणी हेच त्या नगराचे दफ्तर.

हे दफ्तर 1967 साली नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव व डॉ. म. के. ढवळीकर यांनी उघडले, तेव्हा वाकाटक राजांच्याही पूर्वीच्या काळापासूनची वसती उजेडात आली आणि विष्णुकुंडिन राजांची नाणीही हाती लागली. तत्पूर्वीच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असा सिद्धांत मांडला होता. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा दौहित्र वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे आरंभीचे ताम्रपट नंदिवर्धन या आधीच्या राजधानीहून दिलेले आहेत, परंतु अठराव्या राज्यवर्षाचा चम्मक ताम्रपट प्रवरपुराहून निघाला. आणि ज्या राजाने महाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ हे रामकथेचे काव्य रचले, त्याच्याच काळातील रामायणप्रसंगांची शिल्पे पवनारला सापडावीत, हा योग मिराशींना निर्णायक वाटला. त्यांतील राम-भरतभेटीचे शिल्प तर विनोबांनाच जमीन खणताना मिळाले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगातील गीताप्रवचनांत ज्यांनी भरताच्या भक्तीचे इतके तन्मयतेने विवरण केले, त्यांच्याच कुदळीला 1938 नंतर हा भरत लागावा, याचे मला आजही नवल वाटते.

तथापि रामटेकनजीक मनसर येथे मोठी विटांची वास्तू उघडकीस आल्यापासून कित्येक विद्वान प्रवरपूर तेथे मानतात. माझ्या मते पवनारची शिल्पे येथे वाकाटककालीन भव्य देवालय होते एवढे निःसंशय सिद्ध करतात. नगराचे नाव मात्र एखादी मुद्रा किंवा लेखच सांगू शकेल, आणि तो असलाच तर या मातीतच असणार. अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे असलेल्या या गावाचे महत्त्व वाकाटकांबरोबर संपले नव्हते, ही गोष्टही ध्यानी घेण्याजोगी आहे.

घर लिंपण्यास वा शेतात घालण्यास पांढरीची माती नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु एकदा उचललेला थर पुन्हा वाचता येत नाही. म्हणून पवनारच्या ग्रामस्थांस माझी विनंती आहे की त्यांनी ही माती हलू देऊ नये, आणि पुरातत्त्व खात्याने व विद्यापीठाने येथे विस्तृत उत्खनन पुन्हा हाती घ्यावे.