पाच वॅटांची पोच

रविवारी सकाळी खांद्याला पिशवी, हातात वायरीचे वेटोळे आणि गोफण घेऊन गावाबाहेर निघालेल्या पन्नाशीतल्या माणसाबद्दल बार्शीटाकळीत दोन मते आहेत. काहींच्या मते मी जमिनीची मोजणी करतो, काहींच्या मते मी पाणाड्या आहे. पाणाड्या समजणाऱ्यांचा मला फायदा होतो. ते बांधावर बसू देतात आणि वर चहा पाजतात.

पिशवीत विटेहून लहान असा एक रेडिओसंच असतो. तो ऐकतो आणि बोलतोही. सोबत फवारणीच्या बॅटरीपंपातून काढलेली बारा व्होल्टची बॅटरी, मोर्सची कळ, वही आणि पेन्सिल. हा संच हवेत जास्तीत जास्त पाच वॅट शक्ती सोडतो. घरातला साधा एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो. तरीही मित्राच्या शेतातल्या कडुनिंबाखाली बसून याच संचावर मी हैदराबाद, भोपाळ आणि मुंबईच्या लोकांशी अनेकदा बोललो आहे. मध्ये मोबाइलचा मनोरा नाही, उपग्रह नाही, तार नाही. ही पोच कशी साधते आणि अलीकडे ती का आखडू लागली आहे, ते सांगण्याचा हा प्रयत्न. मी अभियंता नव्हे. हिशेब लिहिणे हा माझा पोटाचा धंदा. बाकी सारे पुस्तकांतून आणि चुकांतून शिकलेलो आहे.

हौशी रेडिओ म्हणजे हॅम रेडिओ. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांच्या मुलालाही ती देता येते. पास झाल्यावर परवाना आणि एक हाकसंकेत मिळतो. आपल्याकडच्या बहुतेक संकेतांची सुरुवात व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ अशी असते. परवान्याशिवाय प्रसारण करणे हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण लेख वाचून कोणी उत्साहाने बाजारातून संच आणील. या लहरींवर धंद्याचे बोलायचे नाही, गाणी वाजवायची नाहीत. बोलायचे ते एकमेकांशी, आणि बरेचसे रेडिओबद्दलच. जगभरच्या हौशींमध्ये एक छोटा पंथ आहे. तो मुद्दाम कमी शक्तीवर काम करतो. मोर्समध्ये पाच वॅट आणि आवाजात दहा वॅट ही त्याची रूढ मर्यादा. तारायंत्राच्या काळातल्या सांकेतिक भाषेत ‘क्यूआरपी’ म्हणजे ‘मी शक्ती कमी करू का?’ या पंथाने तेच नाव घेतले.

कमी शक्तीने फार काही बिघडत नाही, हे पहिल्यांदा कळते तेव्हा हिशेब चुकला असे वाटते. मलाही वाटले होते. रेडिओवर संदेशाची ताकद ‘एस’ नावाच्या पायऱ्यांनी मोजतात. एक पायरी खाली यायला शक्ती चौथाईवर यावी लागते. शंभर वॅटचे पंचवीस केले तर एक पायरी उतरली. पंचवीसचे सव्वासहा, दुसरी पायरी. म्हणजे शंभर वॅटच्या मोठ्या संचाशी तुलना केली तर माझे पाच वॅट समोरच्याला जेमतेम दोन-सव्वादोन पायऱ्या खाली ऐकू येतात. मोठा संच आठव्या पायरीवर असेल तर मी सहावीच्या थोडा खाली. शांत जागी सहावी पायरी म्हणजे गप्पा मारण्याइतकी स्पष्ट. ‘शांत जागी’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळे त्यांवरच येणार आहे.

आता आकाशाकडे वळू. जमिनीपासून साधारण दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवर हवेचे विरळ अणू सूर्यकिरणांनी विद्युतभारित होतात. हे आयनांबर. सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी तिथून वाकून परत जमिनीवर येतात. माझी वायर झाडावर सात-आठ मीटर उंच असते. चाळीस मीटर लांबीच्या लहरीच्या मानाने ही उंची फारच ठेंगणी. त्यामुळे बरीचशी शक्ती सरळ वर जाते. तुषार संचाची तोटी आभाळाकडे केली तर पाणी जसे चहूकडे जवळपास पडते, तशाच या लहरी तीनशे-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात खाली येतात. दिवसा भोपाळ आणि हैदराबाद या वर्तुळात सापडतात. दुपारी आयनांबराचा सगळ्यात खालचा थर त्या लहरी गिळू लागतो आणि माझे पाच वॅट दमतात. रात्री उलटे होते. खालचा थर विरतो, जवळचे लोक नाहीसे होतात आणि दूरदूरचे परके संकेत येऊ लागतात.

अँटेनाबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण यात आपल्या भागातल्या माणसाला सगळे घरचेच मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण वीस मीटर साधी तांब्याची वायर लागते. तिचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे करायचे. मधोमध संचाकडे येणारी केबल जोडायची, आणि मधला भाग उंच व टोके खाली, असा घराच्या आढ्यासारखा आकार द्यायचा. टोकांना विद्युतरोधक हवा. ठिबकच्या नळीचे बोटभर तुकडे त्याला उत्तम. झाडावर दोर चढवायला परदेशातले लोक स्प्रिंगच्या बंदुका वापरतात म्हणे. आमच्याकडे गोफण आहे. ज्वारीवरची पाखरे हाकायला लहानपणी फिरवलेली गोफण मी पन्नाशीत पुन्हा हाती घेतली. दगडाला नायलॉनची बारीक दोरी बांधायची, मागे कोणी नाही हे पाहायचे आणि सोडायची. पहिल्या महिन्यात दगड तीनदा शेजारच्या तुरीत गेला आणि एकदा माझ्याच पाठीत बसला. वायर लावल्यावर दोन्ही टोकांचे वीतभर-वीतभर कापत जायचे आणि जुळणी पाहायची. कापताना घाई केली की पुन्हा जोडण्याची वेळ येते.

मोर्स मी अकोल्याच्या एका निवृत्त तारमास्तरांकडे शिकलो. देशातली तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले होते. मला वाटले होते, यांना रेडिओवरचे मोर्स म्हणजे हातचा मळ. पण पहिल्या दिवशी त्यांना एक अक्षर कळेना. तारेच्या यंत्राचा आवाज ‘कट्ट कडकट्ट’ असा. दोन टोल्यांमधल्या मोकळ्या जागेवरून अक्षर ओळखायचे. रेडिओवर मात्र शिटीसारखा सलग सूर असतो, कधी आखूड, कधी लांब. चाळीस वर्षांची सवय त्या सुरात हरवली. ते आठवडाभर कान लावून बसले, आठव्या दिवशी माझ्यापुढे निघून गेले, आणि मग माझे शिक्षण सुरू झाले. मी ठिपके मोजत बसलो की ते वैतागायचे. “मोजून कायले रायले भाऊ? आयका फक्त.” सर्वांना हाक घालायचा संकेत ‘दा-दि-दा-दि, दा-दा-दि-दा’ हा मोजायचा नसतोच, तो एखाद्या पाखराच्या आवाजासारखा ओळखायचा असतो. मी परीक्षा दिली तेव्हा मिनिटाला आठ शब्द लागत. मास्तर त्याला चालणे म्हणायचे, धावणे नव्हे.

कमी शक्तीवाल्याला मोर्स का परवडतो, याचे कारण साधे आहे. माणसाच्या आवाजाला लहरींवर साधारण अडीच हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते. मोर्सला तिचा दहावा हिस्सा पुरतो. विहिरीचे पाणी तेवढेच. पाट रुंद असेल तर ते वाटेतच जिरते, अरुंद असेल तर शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते. शिवाय अरुंद खिडकीतून बाहेरची खरखरही दहावा हिस्साच आत येते. संगणकाच्या मदतीने याहून अरुंद पद्धती निघाल्या आहेत. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर स्वतः हॅम आहेत. त्यांनी केलेल्या प्रणालींत कानाला न ऐकू येणारा संदेशही संगणक वाचतो. विद्या थोर आहे, मी वापरूनही पाहिली. पण दोन संगणक एकमेकांशी बोलताना मी बांधावर बसून काय करायचे, ते मला कळले नाही.

थोड्या साधनांनिशी, जागा बदलत केलेल्या प्रसारणाचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रसंग मुंबईचा आहे, आणि तो हौशीपणाच्या पलीकडचा आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशींचे परवाने रद्द केले. परवाना गेलेल्यांपैकी एक नरिमन प्रिंटर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाले, तेव्हा प्रसारणयंत्र उभारले ते या प्रिंटरांनी. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्र एका घरातून दुसऱ्या घरात हलत राही. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली आणि ते थांबले. त्या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. भागाकार करून पाहा, ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. मी कडुनिंबाखाली रोज फिरवतो तो हाच पट्टा. तबकडी त्या जागेवरून जाते तेव्हा मी उगाच क्षणभर थांबतो.

हॅम म्हटले की आपत्तीची गोष्ट निघतेच. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रसारणासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. त्सुनामी आली, आणि त्यांनी निरोप पोहोचवण्याचे काम हाती घेतले. हे खरेच मोठे काम. पण ‘पूर आला की आम्ही आहोतच’ असे भाषण मी करणार नाही. पाच वॅटवर एक निरोप जायला कधी दोन मिनिटे लागतात, कधी तो जातच नाही. ११ मे २०२४ च्या सकाळी मला एकही संकेत ऐकू आला नाही. वायर तुटली म्हणून मी सगळे उतरवले, जोड तपासले, बॅटरी बदलली. गावात आल्यावर कळले की सूर्यावरून उठलेले प्रचंड चुंबकीय वादळ आदल्या रात्री पृथ्वीवर आदळले होते. आयनांबरच ठिकाणावर नव्हते. माझी वायर बिचारी धड होती.

अशी वादळे महाराष्ट्रात फार पूर्वीपासून नोंदली जातात. सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकमापनात बिघाड होईल म्हणून शांत जागा शोधली गेली, आणि १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. शहरात वीज आली आणि ऐकणारे बाहेर पडले. माझी गोष्ट हीच आहे, फक्त लहान. घरात संच लावला की शेजाऱ्यांचे दिवे, चार्जर, इन्व्हर्टर सगळे मिळून सातव्या पायरीची खरखर करतात. वीज गेली की गल्ली हळहळते आणि मी रेडिओ लावतो. म्हणून तर मी शेत धरले.

गेल्या रब्बीत मित्राने सौर पंप बसवला. सूर्य वर आला, पंप सुरू झाला आणि माझ्या कानात मधमाश्यांचे मोहोळ उठले. मोटार चालवणारी पेटी विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करते, आणि पॅनेलपासून पेटीपर्यंतच्या लांब तारा त्या तुकड्यांची अँटेना होतात. खरखर दुसऱ्या पायरीवरून सातवीवर गेली. पाच पायऱ्या म्हणजे हजारपट. माझ्याशी बोलणारा भोपाळचा माणूस पाच वॅटवर असेल, तर मला पूर्वीइतके स्पष्ट ऐकू यायला त्याने पाच हजार वॅट सोडायला हवेत. माझी शक्ती वाढवून माझ्या कानांना काहीच उपयोग नाही.

मित्राने माझे तोंड पाहिले. “काय झालं भाऊ?”

मी सांगितले.

“एवढंच ना? बंद करतो मी घंटाभर. तुम्ही बोलून घ्या.”

त्याने खटका पाडला. मोहोळ थांबले, आणि जिथे काहीच नव्हते तिथे हैदराबादचा एक बारीक सूर उभा होता. मी उत्तर दिले, त्याने ५५९ असा दाखला दिला, चार मिनिटांत बोलणे संपले. मी मान वर केली तर मित्र फावडे घेऊन हरभऱ्याच्या कोरड्या सरीशी उभा. हा माणूस मागच्या वर्षापर्यंत रात्रीच्या विजेवर ओलीत करायला दोन वाजता उठायचा; एकदा पायाखालून नाग गेला होता. त्याच्या दिवसाच्या पाण्यातला घंटा मी काय तोंडाने मागायचा? मी स्वतः जाऊन खटका वर केला.

तारांवर फेराइटची कडी चढवून खरखर कमी करता येते. मी चार कडी चढवली, एक पायरी उतरली. पेटी उघडली तर तिची हमी जाईल, म्हणून तिला हात लावलेला नाही.

सौर पंपाला सूर्य लागतो. म्हणून आता मी पहाटे चारला निघतो. हातात विजेरी, पायात बूट, बांधावर पाऊल टाकण्याआधी काठी आपटायची, हे मित्रानेच शिकवले. त्या वेळी भोपाळ-हैदराबाद सापडत नाहीत. आकाश लांबचे असते आणि नाव ऐकून नकाशा उघडावा लागेल असे संकेत येतात. साडेसहाच्या पुढे उजाडते. पॅनेलवर ऊन येताना आधी एक पुसट गुणगुण येते, मग ती चढत जाते. पंपाच्या नळातून पाणी पडल्याचा आवाज आला की मी वही मिटतो, गाठ सोडतो आणि वायर गुंडाळू लागतो.