उन्हाचे जीवनसत्त्व आणि कर्करोग

पातूरच्या माणसाला ऊन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चैत्र सरला की रेणुकामातेची टेकडी तव्यासारखी तापते, वावरातली ढेकळे पायाला चटके देतात आणि अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळत राहतो. अशा मुलखातला माणूस हाडे दुखतात म्हणून अकोल्याला जातो, रक्त तपासून येतो आणि हातातला कागद पुढे करून म्हणतो, “सर, हे पाहा. आपल्याइकडे उन्हानं जीव जाते, अन् डॉक्टर म्हणते तुमच्या अंगात उन्हाचं जीवनसत्त्व कमी आहे!” त्याचे आश्चर्य खोटे नाही. त्यात अलीकडे दुसरी एक भीती मिसळली आहे. ‘ड’ कमी असले की कर्करोग होतो असे कोणी तरी कोणाला सांगतो, ते चहाच्या टपरीवरून घरी जाते आणि घरात मग रात्री झोप येत नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी आज नीट पाहू.

‘ड’ जीवनसत्त्व हे इतर जीवनसत्त्वांसारखे नाही. ‘क’ आपल्याला आवळ्यातून मिळते, ‘अ’ गाजरातून आणि पालेभाज्यांतून. ‘ड’ मात्र भाजीपाल्यात जवळजवळ नसतेच. दुधात थोडे, अंड्याच्या बलकात थोडे, समुद्रातल्या तेलकट मासळीत बऱ्यापैकी. वऱ्हाडात समुद्राची मासळी किती जणांच्या ताटात येते? तेव्हा आपला खरा आधार कातडीच. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. सूर्याचे अतिनील किरण, त्यातलेही एका विशिष्ट पट्ट्यातले, त्याच्यावर पडले की त्याचे ‘ड’ बनू लागते. ते यकृतात जाऊन एकदा बदलते, मूत्रपिंडात जाऊन दुसऱ्यांदा बदलते, आणि मग कामाला लागते. त्याचे मुख्य काम म्हणजे अन्नातला कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून घेणे. ‘ड’ नसेल तर कॅल्शियम पोटात जाऊनही बराचसा वाया जातो, हाडे मऊ राहतात, पोरांचे पाय धनुष्यासारखे वाकतात. यालाच आपण मुडदूस म्हणतो. मोठ्या माणसांत हाडे ठिसूळ आणि दुखरी होतात.

मुडदुसाचे कोडे सुटायला शंभर वर्षे लागली, आणि त्यातला एक धागा आपल्या महाराष्ट्रातला आहे. 1919 साली इंग्लंडात मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की मुडदूस आहाराच्या उणिवेतून होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने टळतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुडदुसाची पोरे बरी केली. मग खरे कारण अन्न की उजेड? हा वाद चालू असतानाच 1922 साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागातली आपली पाहणी प्रसिद्ध केली. त्यांना जे दिसले ते विचार करायला लावणारे होते. ज्यांचे खाणेपिणे यथातथाच, पण जी माणसे बायकापोरांसह दिवसभर उघड्यावर राबत, त्यांच्या मुलांत मुडदूस फारसा नव्हता. ज्या खात्यापित्या घरांत, हिंदूंच्या काय आणि मुसलमानांच्या काय, बायकांना पडद्यात आणि तान्ह्या पोरांना आतल्या खोलीत ठेवत, तिथे तो होता. घरात दूधतूप होते, ऊन नव्हते. श्रीमंतांची पोरे वाकलेल्या पायांची आणि मजुरांची पोरे सरळ पायांची, हे उलटे चित्र त्या दोघांनी कागदावर आणले. पुढे कळले की दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. माशाच्या तेलात जे असते तेच कातडीत उन्हाने बनते.

आता पातूरच्या उन्हाचा प्रश्न. ऊन आहे हे खरे, पण ते अंगावर पडते काय? पऱ्हाटी वेचणारी मजूरबाई डोक्यावर पदर, अंगात नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा, असा पोशाख करते आणि उन्हापुढे तो शहाणपणाचाच आहे. तरी तिचे हात आणि चेहरा तासन्‌तास उन्हात असतात. पण दुकानाच्या गादीवर बसणारा, शिंपी, कचेरीतला कारकून, बुरख्यातली किंवा घरकामात गुंतलेली बाई, खाटेवरची आजी, आणि शाळा सुटली की शिकवणीच्या खोलीत जाणारा पोरगा यांचे काय? मोटारसायकलवर जाणारी कॉलेजची मुलगी डोळे सोडून सगळे तोंड ओढणीने बांधते, हातमोजे घालते. काचेतून आलेले ऊनही या कामाचे नाही, कारण हवे ते किरण काच अडवते. शिवाय आपली कातडी सावळी. तिच्यातला रंग कातडीला जपतो, गोऱ्या लोकांना उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग आपल्यात म्हणूनच कमी. पण त्याच रंगामुळे ‘ड’ बनायला आपल्याला वेळ अधिक लागतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जुन्या माणसांनी राग मानू नये. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. कोवळे ऊन सुखाचे खरे, पण सूर्य खाली असताना ‘ड’ बनवणारे किरण हवेच्या जाड थरातच अडून जातात. साधी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ते किरण पुरेसे पोचतात. मार्गशीर्ष-पौषात अकरा-बाराच्या सुमारास ओसरीपुढे हात-पाय उघडे टाकून अर्धा तास बसावे, तेव्हा ते बरेही वाटते. वैशाखात मात्र दुपारच्या उन्हात बसणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. तेव्हा नऊ-दहाच्या दरम्यान थोडा वेळ पुरे. आपल्या आज्या बाळाला तेल लावून उन्हात निजवीत, त्यात तथ्य होतेच.

आता कर्करोगाकडे येऊ. ही कल्पना निघाली कशी? 1974 साली अमेरिकेत सेड्रिक आणि फ्रँक गार्लंड या दोघा भावांनी कर्करोगाच्या मृत्यूंचे नकाशे पाहिले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने मरणारे लोक उत्तरेकडच्या, कमी उन्हाच्या राज्यांत अधिक होते. न्यू मेक्सिको, ॲरिझोना अशा उन्हाळी राज्यांत कमी. 1980 साली त्यांनी लेख लिहून विचारले, हा फरक ‘ड’ जीवनसत्त्वामुळे तर नसेल? पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेत दिसले की ‘ड’चे तयार रूप काचेच्या बशीतल्या काही कर्कपेशींची बेसुमार वाढ आवरते आणि त्यांना शहाण्या पेशींसारखे वागायला लावते. नंतर हजारो लोकांची रक्ते तपासली गेली आणि ज्यांचे ‘ड’ कमी त्यांच्यात आतड्याचा कर्करोग काहीसा अधिक, असे बऱ्याच पाहण्यांत आढळले.

एवढ्यावर कोणीही म्हणेल, झाले, सिद्ध झाले! पण थांबा. एके काळी ज्या घरात रेडिओ आधी आला त्या घरची पोरे जास्त शिकली. मग रेडिओने शिकवले काय? आकाशवाणीच्या मंडळींना हो म्हणावेसे वाटेल, पण खरे कारण त्या घरची ऐपत. तसेच ‘ड’चे. जो माणूस उघड्यावर हिंडतो, अंगमेहनत करतो, लठ्ठ नाही, त्याचे ‘ड’ चांगले असते. आणि त्याच कारणांनी त्याला काही कर्करोगही कमी होतात. दुसरे असे, की आजारी माणूस ओसरीवर येतच नाही. त्याचे ‘ड’ आजाराने उतरलेले असू शकते, आणि आपण म्हणतो ‘ड’ उतरले म्हणून आजार झाला. गाडी बैलापुढे जुंपली जाते ती अशी.

आणि आपल्या देशाकडे पाहा. उन्हाचा देश असून ‘ड’ची उणीव भारतात सर्रास आढळते. गार्लंड बंधूंचा तर्क एकटाच खरा असता तर आपल्याकडे आतड्याचा कर्करोग धुमाकूळ घालता. प्रत्यक्षात तो आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे.

मग निकाल कसा लावायचा? अकोल्याच्या कृषी विद्यापीठात खताची परीक्षा कशी घेतात ते शेतकऱ्याला ठाऊक आहे. एकाच जमिनीचे वाफे पाडायचे, चिठ्ठ्या टाकून काहींना खत द्यायचे, काहींना नाही, आणि शेवटी धान्य मोजायचे. माणसांवरही असेच प्रयोग झाले. सर्वांत मोठ्यांपैकी एक अमेरिकेत झाला; त्याचा निकाल 2018 च्या अखेरीस बाहेर आला. 50 वर्षांवरील पुरुष आणि 55 वर्षांवरील स्त्रिया मिळून 25,871 माणसे घेतली. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निम्म्यांना रोज ‘ड’चे 2,000 एकक, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळते हे कोणालाच ठाऊक नाही. सुमारे पाच वर्षांनी मोजले तेव्हा ‘ड’ घेणाऱ्यांत 793 जणांना कर्करोग झाला होता आणि पोकळ गोळीवाल्यांत 824 जणांना. हा फरक योगायोगाचाच म्हणावा लागतो. कर्करोगाने मेलेले मात्र एकीकडे 154 आणि दुसरीकडे 187. हा फरक जरा डोळ्यांत भरतो, पण तोही योगायोगाच्या कक्षेबाहेर स्पष्ट गेलेला नाही. अशा अनेक प्रयोगांची बेरीज करणाऱ्यांना 2019 साली दिसले की ‘ड’ने कर्करोग होणे टळत नाही, पण झालेल्या कर्करोगाने मरणे शेकडा तेराने कमी होत असावे. उलट ऑस्ट्रेलियात 60 वर्षांवरच्या 21,315 जणांपैकी निम्म्यांना महिन्यातून एकदा 60,000 एककांचा डोस पाच वर्षे दिला, तर मृत्यूंत काहीच घट झाली नाही. थोडे थोडे रोज आणि एकदम भसकन, यांत फरक पडतो की काय, याचा शोध चालू आहे.

शेतकऱ्याच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. ज्या वावरात आधीच शेणखत भरपूर, तिथे आणखी खत टाकून पीक कसे वाढणार? अमेरिकेच्या त्या प्रयोगातल्या बहुतेकांचे ‘ड’ मुळातच पुरेसे होते. ज्यांचे खरोखर तळाला गेले आहे अशा लोकांपुरता प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. पण ‘ड’ कमी म्हणून कर्करोग होतोच, किंवा ‘ड’ घेतले म्हणून टळतोच, असे म्हणण्याला आज आधार नाही.

आपल्याकडच्या कर्करोगांची कारणे एवढी गूढ नाहीत, हे मला अधिक सांगायचे आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करोगांची नोंद ठेवतात. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदवही. तिने खेड्यातल्या बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा भार दाखवला. मग 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 बायकांवर तपासणीचा प्रयोग झाला. त्याचा निकाल 2009 साली आला. विषाणूची एकच तपासणी आणि सापडलेल्या दोषावर वेळीच उपचार, एवढ्याने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ‘ड’च्या कोणत्याही गोळीने असे केलेले नाही. आणि तोंडाचा कर्करोग? त्याचे कारण आपल्या गावात पानठेल्यावर घोटून मिळते. खर्रा गालात धरून ‘ड’ची गोळी पाण्याबरोबर घेणारा माणूस मी रोज पाहतो. त्याला मी काय सांगणार? “बापा, ते थुंक अन् मग गोळी घे,” एवढेच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, छातीत गाठ, पाळी गेल्यानंतर रक्त जाणे, यांपैकी काही दिसले तर उन्हात बसून वाट पाहू नये. ग्रामीण रुग्णालय गाठावे.

ज्याला आधीच कर्करोग झाला आहे त्याने ‘ड’ घ्यावे की नाही ते त्याच्या डॉक्टराने ठरवावे. हाडांसाठी ते पुष्कळदा देतात. पण त्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया किंवा शेक सोडून घरी आलेला रोगी हातचा वेळ घालवतो.

राहता राहिली तपासणी. तिला शहरात बरेचदा हजाराच्या वर रुपये पडतात. धडधाकट माणसाने ती उगाच करू नये, असेच 2024 सालच्या अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या सल्ल्यातही म्हटले आहे. हाडे सतत दुखत असतील, जिना चढताना मांड्यांत जोर नसेल, पोराचे पाय वाकत असतील, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असेल, तर गोष्ट वेगळी. कागदावर 20 किंवा त्याहून अधिक आकडा असेल तर हाडांना तेवढे बहुतेकांना पुरते. 12 च्या खाली मात्र उपचार हवाच. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली, ज्याला ऊन फारसे मिळत नाही अशा मोठ्या माणसाला रोज 600 एकक सांगितले आहेत. दुकानात मिळणारी पुडी असते 60,000 एककांची, म्हणजे शंभर दिवसांचा शिधा एका घोटात! डॉक्टर ती आठवड्याला एक अशी काही आठवडेच देतात. “बरं वाटते” म्हणून ती रोज घेणाऱ्याच्या रक्तात कॅल्शियम वाढतो, मळमळ होते, तहान लागते, मूत्रपिंडे बिघडतात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे लघवीवाटे निघून जातात; हे चरबीत साठते आणि लवकर उतरत नाही.

शिक्षक मंडळींना एक विनंती. हिवाळ्यात कवायतीचा तास शेवटी न ठेवता अकरा-साडेअकराला ठेवून पाहा, आणि मुलींनाही मैदानावर आणा. मुलांना हातात काठी देऊन तिची सावली मोजायला लावा. सावली काठीपेक्षा आखूड केव्हा होते आणि पुन्हा लांब केव्हा होते, हे मार्गशीर्षात एकदा आणि फाल्गुनात एकदा वहीत लिहून घ्या. भूगोलाचाही तास त्यातच होऊन जाईल.