प्रार्थना आणि पाणचक्क्या

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने कंपनी कायदा आणि ताळेबंद यांतच डोके घालावे, मठ-मंदिरांच्या वाटेस जाऊ नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. पण मठालाही तेल-मीठ लागतेच, आणि ज्याला तेल-मीठ लागते त्याला जमाखर्च चुकत नाही. एका जर्मन कलावंताने अमेरिकेच्या रानात ख्रिस्ती साधकांची वसाहत उभारली आणि पुढे या जमाखर्चावरूनच तेथे महाभारत घडले. त्या कलावंताचे नाव कॉनराड बायसेल आणि वसाहतीचे नाव एफ्राटा.

बायसेलचा जन्म इ. स. १६९१ मध्ये नेकार नदीकाठच्या एबरबाख गावी झाला. वडील पाव भाजण्याचा धंदा करीत. पण मुलगा जन्मण्यापूर्वीच ते वारले. आईचे छत्रही लहानपणीच हरपले. पोरका कॉनराड एका भट्टीवाल्याकडे उमेदवार म्हणून राहिला. हा मालक वाद्य वाजवणाराही होता. त्यामुळे पोराला कणीक मळण्याबरोबर फिडल वाजवण्याचीही विद्या मिळाली. संगीताचे शिक्षण म्हणावे तर एवढेच!

पुढे हायडेलबर्ग शहरी काम करीत असताना तो पायटिस्ट नावाच्या भक्तिमार्गी ख्रिस्ती मंडळींत वावरू लागला. चर्चच्या बाह्य उपचारांपेक्षा अंतरीचा भाव मोठा, असे ही मंडळी मानीत. राजमान्य चर्चला ते खपण्यासारखे नव्हते. बायसेलला शहर सोडावे लागले आणि १७२० मध्ये तो समुद्र ओलांडून अमेरिकेस गेला.

त्या काळी पेनसिल्व्हेनिया ही इंग्रजांची वसाहत होती आणि निरनिराळ्या पंथांच्या लोकांना तेथे आपापल्या पद्धतीने उपासना करण्याची मुभा होती. फिलाडेल्फियाजवळ विसाहिकन ओढ्याच्या काठी जर्मन तपस्व्यांचा एक समूह राहतो, त्यांना जाऊन मिळावे, असा बायसेलचा बेत होता. तेथे पोचून पाहतो तो त्यांचा प्रमुख बारा वर्षांपूर्वीच निवर्तलेला आणि मंडळी पांगलेली! पोटासाठी त्याने विणकाम शिकून घेतले. ज्या पीटर बेकर यांनी त्याला विणकाम शिकवले, त्यांनीच १७२४ मध्ये त्याला वाहत्या पाण्यात बाप्तिस्माही दिला. पण बायसेल कोणाच्या मागून फार काळ चालणारा नव्हे. शब्बाथ रविवारी नव्हे तर शनिवारीच पाळावा आणि अविवाहित राहणे हेच श्रेष्ठ, या त्याच्या मतांवरून १७२८ मध्ये मंडळीत फूट पडली. १७३२ मध्ये तो कोकॅलिको ओढ्याच्या काठी एकांतात जाऊन राहिला.

हा एकांत त्याला फार दिवस लाभला नाही. पाठोपाठ शिष्य आले, त्यांत स्त्रियाही आल्या, आणि झोपड्यांची वसाहत झाली. ब्रह्मचारी बंधू, ब्रह्मचारिणी भगिनी आणि आसपासच्या शेतांवर राहणारी कुटुंबवत्सल मंडळी असे तिचे तीन वर्ग होते. भरभराटीच्या काळात ब्रह्मचारी स्त्री-पुरुष सुमारे ऐंशी आणि संसारी मंडळी दोनशेच्या आसपास होती. मठात राहणाऱ्यांनी आपली मालमत्ता सामाईक करायची, पांढरा झगा घालायचा, दिवसातून एकदाच साधे शाकाहारी जेवायचे, असा नियम होता. झोपायला पंधरा इंच रुंद लाकडी बाक आणि उशाला लाकडाचा ठोकळा. रात्री नऊला झोपायचे, बाराला उठून दोन तास प्रार्थना करायची, पुन्हा तीन तास झोपून पाचला उठायचे. आपल्यापैकी परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे वेळापत्रक नीट वाचून पाहावे!

अशा कडक जीवनातून एक आगळे संगीत निर्माण झाले. बायसेलने संगीताचा स्वतःचाच नियम बनवला. स्वरांचे त्याने दोन वर्ग केले, मालक आणि नोकर. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, गांधार आणि पंचम हे मालक, बाकीचे सारे नोकर. शब्दातील ज्या अक्षरावर आघात येईल तेथे मालक स्वर योजायचा आणि हलक्या अक्षरांवर नोकर. तालाचे बंधन नाही. शब्द जसा चालेल तशी चाल चालायची. एवढ्या सोप्या नियमावर या मंडळींनी शेकडो स्तोत्रे रचली आणि ती चार ते सात निरनिराळ्या स्वरपंक्तींत एकाच वेळी गाइली. ओठ फारसे न उघडता, अगदी मृदू आवाजात गाण्याची त्यांची रीत होती. आवाज निर्मळ राहावा म्हणून गायकांनी काय खावे हेसुद्धा बायसेलने लिहून ठेवले. मांस तर वर्ज्यच, पण दूध, चीज, अंडी आणि मधही त्याला गाण्याला मारक वाटे.

या स्तोत्रांचे १७४६ सालचे एक सुंदर हस्तलिखित वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवले आहे. त्यातील काही चालींपुढे भगिनींची नावे आढळतात. त्यामुळे अमेरिकेतील सर्वांत जुन्या ज्ञात स्त्री-संगीतकारांत एफ्राटाच्या या भगिनींची गणना आता अभ्यासक करू लागले आहेत. वळणदार जर्मन अक्षरे वेलबुट्टीने सजवण्याची कलाही भगिनींनी फुलवली. टॉमस मान या जर्मन कादंबरीकाराने १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉक्टर फाउस्टुस’ कादंबरीत बायसेलच्या संगीतावर काही पाने खर्च केली आहेत.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे जमाखर्चाकडे, वळू. सुरुवातीच्या दिवसांत वसाहतीकडे बैल-घोडे नव्हते. बंधू स्वतःच नांगराला जुंपून घेत. हे चित्र पालटवले इस्रायल एकरलिन याने. तो आणि त्याचे भाऊ हिशेबी, कष्टाळू आणि पुढचे पाहणारे होते. इस्रायल बंधूंच्या मठाचा प्रमुख झाला आणि वसाहतीचा कारभार झपाट्याने वाढला. कोकॅलिकोच्या पाण्यावर धान्य दळण्याची, लाकूड कापण्याची, तेल गाळण्याची, लोकरी कापड घट्ट करण्याची आणि कागद बनवण्याची अशा चक्क्या चालू लागल्या. चामडे कमावणे व पुस्तके बांधणे सुरू झाले, आणि १७४५ च्या सुमारास छापखानाही आला. बाहेरचे व्यापारी मागण्या पाठवू लागले. रानातील तपोवनाचा एक भरभराटीचा उद्योगसमूह झाला.

बायसेलला हे पाहवेना. देवासाठी घर सोडून आलेली माणसे आता गिऱ्हाइकासाठी राबत आहेत, बाजार मठात शिरला आहे, असे त्याला वाटले. त्यातून अधिकाराचाही प्रश्न उभा राहिला. कारभार ज्याच्या हाती, त्याच्याच शब्दाला वजन येणार. १७४५ च्या सप्टेंबरमध्ये स्फोट झाला. इस्रायलला वसाहत सोडावी लागली. त्याचे लेखन जाळण्यात आले, त्याने लावलेली फळबाग उपटून टाकली, व्यापाऱ्यांच्या मागण्या परत गेल्या. त्याने युरोपातून मागवलेली, त्याचे नाव कोरलेली घंटा नंतर येऊन पोचली. ती लँकेस्टरच्या लुथरन चर्चला विकून टाकली गेली. इस्रायल पश्चिमेच्या जंगलात जाऊन राहिला. १७५७ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तो फ्रेंचांच्या बाजूच्या आदिवासींच्या हाती सापडला, त्याला कॅनडामार्गे फ्रान्सला नेले, आणि तो एफ्राटाला कधीच परतला नाही. १७४७ च्या डिसेंबरात आग लागून काही चक्क्याही भस्मसात झाल्या.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. बायसेलची कला आणि एकरलिनच्या चक्क्या या दोन गोष्टी खरोखर एकमेकींच्या वैरी होत्या काय? एक ग्रंथ छापायला काय काय लागते ते पाहा. त्या काळी कागद चिंध्यांपासून बनत असे. त्यासाठी कागदाची गिरणी हवी. छपाईची शाई जवसाच्या तेलात काजळी खलून करीत. त्यासाठी तेलाची चक्की हवी. बांधणीला चामडे हवे. शिवाय जो माणूस दिवसभर खिळे जुळवतो किंवा अक्षरे रंगवतो, त्याच्या वाट्याचे धान्य दुसऱ्या कोणी तरी पिकवून दळलेले हवे. म्हणजे शिलकीवाचून कला नाही. जी शिल्लक बायसेलला मोह वाटत होती, तिच्यावरच त्याच्या स्तोत्रांची पुस्तके निघत होती.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ‘मार्टर्स मिरर’ हा ग्रंथ. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या ख्रिस्ती हुतात्म्यांच्या कथांचा हा डच भाषेतील ग्रंथ मेनोनाइट पंथाच्या लोकांना जर्मनमध्ये हवा होता. एफ्राटाच्या पीटर मिलर या विद्वान बंधूने त्याचे भाषांतर केले. पंधरा बंधू तीन वर्षे त्या कामी खपले आणि सुमारे दीड हजार पानांच्या या ग्रंथाच्या तेराशे प्रती निघाल्या. त्याच्या पहिल्या भागावर १७४८ हे साल आहे. अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वी तेथे छापलेले हे सर्वांत मोठे पुस्तक. एकरलिनला घालवून दिले, तरी त्याच्या काळी उभ्या राहिलेल्या साधनांवाचून हे काम झाले नसते, ही गोष्ट हिशेबात धरलीच पाहिजे.

तरीही बायसेलची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. धंद्याला स्वतःची एक ओढ असते. चक्की बंद ठेवली तर तोटा होतो, म्हणून ती चालवायची. चालवली की माल साठतो, म्हणून गिऱ्हाईक शोधायचे. असे करता करता चक्की कशासाठी बांधली होती, याचाच विसर पडतो. हा धोका बायसेलने ओळखला होता. त्याची चूक उपायात होती. शिल्लक कशासाठी वापरावी हे सर्वांनी बसून ठरवण्याऐवजी त्याने शिल्लक निर्माण करणाऱ्यालाच हाकलले. आणि हे त्याला करता आले, कारण वसाहतीत शेवटचा शब्द त्याचाच होता. या एकछत्री वजनाची झळ इतरांनाही बसली होती. जर्मनटाउनचा मुद्रक क्रिस्टोफर साउर याची पत्नी संसार सोडून एफ्राटाच्या भगिनींत दाखल झाली आणि बऱ्याच वर्षांनी घरी परतली. साउरने १७३९ मध्ये वसाहतीचे स्तोत्रपुस्तक छापले, तेव्हा एका स्तोत्रात बायसेल स्वतःलाच ख्रिस्ताच्या जागी बसवतो आहे, असा आक्षेप त्याने घेतला आणि दोघांत वाद जुंपला. वसाहतीत बायसेलने ‘फ्रीडसाम’ म्हणजे शांतिप्रिय हे नाव घेतले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

६ जुलै १७६८ रोजी बायसेल निवर्तला. सूत्रे पीटर मिलरकडे आली, पण नवे साधक येईनात. १७७७ च्या हिवाळ्यात स्वातंत्र्ययुद्धातील सुमारे २६० आजारी व जखमी सैनिकांसाठी वसाहतीने आपल्या इमारती दिल्या. साथीच्या तापात सैनिकांबरोबर शुश्रूषा करणारी काही मंडळीही दगावली. त्याच युद्धात ‘मार्टर्स मिरर’चे न विकलेले छापील कागद बंदुकीची काडतुसे करण्यासाठी सैन्याने उचलून नेले. शस्त्र न धरणाऱ्या हुतात्म्यांच्या कथांचे ते कागद! १८१३ मध्ये अखेरची ब्रह्मचारिणी गेली आणि मठ संपला. १९४१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने ती जागा विकत घेतली. भगिनींचे घर आणि प्रार्थनागृह आज संग्रहालय म्हणून उभे आहे, आणि बायसेलच्या चाली गाणारा एक गायनवृंदही आहे.

वाचक मित्रहो, भागीदारीचा करार कसा करावा हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. नफ्याचा विनियोग कसा व्हावा, निर्णय कोणी घ्यावा, मतभेद झाल्यास काय करावे, हे आधी लिहून ठेवावे असे पुस्तक सांगते, आणि आपण ते चार मार्कांचे उत्तर म्हणून पाठ करतो. एफ्राटाच्या मंडळींत त्याग होता, कष्ट होते, कला होती. पण ही चार कलमे कोणी ठरवली नव्हती. आपल्याकडे सहकारी सोसायट्या, गणेशोत्सव मंडळे, वाचनालये मोठ्या उमेदीने सुरू होतात. तेथेही भांडण बहुधा गरिबीच्या दिवसांत होत नाही. पेटीत थोडी शिल्लक पडली की होते. म्हणून शिल्लक पडण्याआधीच ती कशासाठी आहे आणि ते कोण ठरवणार, एवढे सर्वांनी मिळून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. पुढची पाने मग आपण कॉमर्सवाले सांभाळू.