वाफशाचा दिवस

सकाळी साडेसहा

कोजागिरी झाली की मूर्तिजापुरात पहाटे गारवा असतो आणि अकरा वाजले की चटका. शकुंतला रेल्वेच्या बंद रुळांपलीकडे आमची लहानशी नर्सरी आहे. आज ठोंब फोडायचे. मुहूर्त मातीने काढलाय. मूठभर माती घेऊन दाबली, बोटं उघडली. ढेकूळ टिकलं, अंगठा लावताच भुरभुरलं. कामाला येणाऱ्या मावशींनीही पायाने माती चाचपली. "आज जमते वो ताई. आठ-दहा दिसानं दगड होईन हिचा."

पाऊस थांबला की ही काळी माती काही दिवस फावड्याला चिकटून गोळे बांधते. पुढे सुकत गेली की आक्रसते, भेगाळते आणि भेग पडताना नव्या मुळ्या तुटतात. मधला वाफसा आमचा. थंड मुलखातले माळी या ऋतूत ठोंब फोडतात ते बर्फ पडण्याआधी मूळ धरावं म्हणून. इथे शर्यत भेगांशी.

सात

पहिला नंबर गवती चहाचा. तीन वर्षांचं ठोंब मधून वाळलेलं, कडेने हिरवं. चहूबाजूंनी वीतभर जागा सोडून फावड्याने मोकळं केलं, खालून सब्बल घालून उचललं आणि माती झटकली. फुटवे कडेचे घ्यायचे, मधला म्हातारा भाग टाकून द्यायचा. दोन-दोन, तीन-तीन फुटव्यांची जुडी, प्रत्येकीला मूळ हवंच. मग पात्यांचा वरचा भाग छाटून वीतभर ठेवायचा. हे पाहून नवी माणसं हळहळतात. पण निम्मी मुळं ठोंब काढतानाच गेलेली असतात, उरलेल्यांना एवढ्या पानांची तहान भागवता येत नाही.

साडेआठ

कर्दळ. तिचे गड्डे एकमेकांत गुंतलेले असतात, ओढाताण केली तर मोडतात. धारदार विळ्याने तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राहतील असे. कापलेल्या जागी चुलीची राख लावली आणि तुकडे सावलीत पसरले. जखम सुकल्याशिवाय ओल्या मातीत गेली तर गड्डा कुजतो. पावसाळी लिलीचा बहर ओसरलाय, तिच्या कुंडीत कांदे खचाखच झालेत. ते हातानेच सुटे होतात. कोरफडीची पिल्लंही काढली, पण ती आज लावणार नाही. दोन-तीन दिवस उघडी सुकतील, मग कुंडीत.

दहा

रेल्वे कॉलनीकडून एक काकू आल्या. "शेवंती पण फोडून द्या ना, दोन कुंड्या होतील." त्यांना झाड दाखवलं. दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळी धरते, आता तिला हलवलं तर फुलं जातील. फुलून गेल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास बुडाशी मुनवे येतात, तेव्हा फोडायची. कळी धरलेल्याला हात लावायचा नाही, बहर संपलेल्याला लावायचा, एवढं पाळलं तरी बरंच साधतं. काकू झेंडूची दोन रोपं घेऊन गेल्या.

साडेअकरा

पिशव्या भरणं. काळी माती, शेणखत, वाळू. वाळू नसेल तर पिशवीतलं पाणी तुंबतं. मावशींचं लक्ष मात्र रस्त्याकडे. सोयाबीनची सोंगणी आटोपत आली, आता कपाशीची वेचणी सुरू होईल. "वेच्याले गेली त मी काई येत नाई, आताच सांगून ठेवतो." वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, चार बाया सोबत असतात; मी अडवणार कशी? म्हणून ठोंब फोडायचं काम त्यांच्या वेचणीआधी उरकायचं असतं.

दुपारी साडेबारा ते चार

उन्हात काही लावायचं नाही. फोडलेले फुटवे ओल्या पोत्याखाली आंब्याच्या सावलीत. जेवण, विळ्याला धार, वहीत नोंदी.

या दिवसांत सगळ्यात जपायचं असतं पाणी. अमरावती, अकोला, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या तालुक्यातही आहे. इथल्या बोअरचं पाणी खारट. जुन्या झाडाने ते सोसलं तरी पानांच्या कडा करपतात. ताज्या कापलेल्या मुळाला तर पाणी ओढणंच जड जातं. शिवाय खारं पाणी मुरत राहिलं की काळी माती आणखी घट्ट बसते. त्यामुळे पावसाने जमिनीत मुरवलेली ओल हीच आमची खरी पुंजी. ती आहे तोवर मूळ धरलं तर पुढचं खारं पाणी झाड निभावून नेतं. छपराचं पाणी साठवलेला हौद पहिल्या पंधरा दिवसांसाठी राखून ठेवलाय. त्याला कपडे धुवायला हात लावायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद.

बांधाच्या कडेला वाळा लावलाय. क्षार सोसणारं गवत, त्याचे फुटवेही गवती चहासारखेच निघतात.

चार

लावणी. जुन्या ठोंबाला माती जिथवर होती, तिथवरच नवं रोप गाडायचं. खोल गेलं तर गवती चहाचा गाभा सडतो. बुडाशी तळव्याने दाबून पोकळी काढायची, लगेच हौदाचं पाणी, वर सोयाबीनचं कुटार पसरायचं. ओल धरून राहते आणि माती भेगाळायला उशीर लागतो.

सहा

दिवस मावळला. पिशव्या हिरव्या जाळीखाली सरकवल्या. दिवाळीचं गिऱ्हाईक येत्या आठवड्यात दारात उभं राहील आणि ताज्या पिशव्या दिसल्या की मागेल. द्यायच्या नाहीत. वरून हिरवं दिसणारं रोप खाली अजून मुळाविना असतं. घरी नेऊन बोअरचं पाणी घातलं की आठवड्यात मान टाकतं आणि नाव नर्सरीचं जातं. नवं पातं निघालं आणि हलकेच ओढल्यावर रोप जागचं हललं नाही, तर ते विकायचं. वहीत आजच्या तारखेसमोर लिहिलं: गवती चहा, कर्दळ, लिली; विक्री दिवाळीनंतर.