सायलेन्सर बदलला, दिवा लागला

हेडर, सायलेन्सर बदलून घेतलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सेन्सर गेला का? कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका ओळखीच्या गॅरेजमध्ये बसून मी अशा बऱ्याच गाड्या बघितल्या. सेन्सर खरोखरच गेलाय, असं क्वचितच निघतं. बहुतेकदा सेन्सर धडधाकट असतो आणि घोळ त्याच्या अलीकडे-पलीकडे घातलेला असतो.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधलंय की नाही, ते धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून कळतं. नळीत बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. ते ३०० अंशांच्या वर तापलं, की आतला धूर आणि बाहेरची हवा यांच्यातल्या ऑक्सिजनच्या फरकाप्रमाणे वीज देतं. पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली तर ०.१ च्या. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, हा आकडा बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. बॉशचा हा सेन्सर गाडीत पहिल्यांदा बसला तो १९७६ साली, अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वोंमध्ये. (नव्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, त्याची भाषा निराळी.)

दुसरा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे गॅरेजच्या बोलीतल्या ‘कॅट’च्या मागे असतो. त्याचं मुख्य काम पहारेकऱ्याचं. कॅट चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचा आकडा जवळपास स्थिर राहतो. कॅट निकामी झाला, किंवा कापून काढला, की पुढचा सेन्सर नाचेल तसा मागचाही नाचायला लागतो. ईसीयूला एवढं पुरतं. कोड येतो पी०४२०.

एके दिवशी गडहिंग्लजकडचा एक तरुण बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक घेऊन आला होता. बाहेरून बनवून घेतलेला हेडर, पुढे सरळ पाइप, कॅट गायब. स्कॅनर लावला तर दोन कोड : पी०४२० आणि पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त.

“मामा, दोन्ही सेन्सर नवे टाका. पैशाचं बघू नका.”

“सेन्सर खरं सांगाय लागलाय, त्याला बदलून काय करतोस?” मिस्त्री म्हणाले आणि स्कॅनर त्याच्यापुढे धरला. पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या रेघा एकीवर एक ठेवाव्यात अशा वर-खाली होत होत्या. पी०४२० चा निकाल तिथेच लागला. पण पी०१७१ चं काय? ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ अधिक २२ टक्के दाखवत होता. ईसीयू नेहमीपेक्षा एवढं जादा पेट्रोल ओतत होता. मालकाला ॲव्हरेज पडल्याचं कळलं होतं, पण त्याचा दोष त्याने पंपावर ढकलला होता.

इंजिन थंड झाल्यावर मिस्त्रींनी ब्लोअरचं तोंड सायलेन्सरच्या शेपटाला चिंध्या कोंबून घट्ट बसवलं आणि हवा उलटी सोडली. हाताखालच्या पोऱ्याने साबणाचं पाणी ब्रशने एकेका जोडावर लावत नेलं. मधल्या जोडावर काही नाही. वर, हेडर जिथे इंजिनाच्या हेडला बसतो तिथे, तिसऱ्या सिलिंडरपाशी बारीक बुडबुड्यांचा फेस फुगायला लागला. फ्लँजच्या कडेला काजळीची काळी रेघही होती.

इथे मालक अडला. धूर बाहेर गळत असेल तर सेन्सरला हवा जास्त कशी दिसेल? धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती दिसते, ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिनात मात्र हवा जास्त झालेलीच नसते.

हेडर उतरवून फ्लँजवर सरळ पट्टी धरली. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकलेली, पट्टीखालून उजेड दिसत होता. कुणीतरी त्या फटीत लाल सिलिकॉन भरलेला होता. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. तापलेल्या साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरी बसते आणि चांगला सेन्सर खरोखरच मारते. म्हणजे गळती झाकायला केलेला उपायच पुढे सेन्सरचा खर्च काढतो. सुदैवाने टोक अजून स्वच्छ होतं. उद्यमनगरात फ्लँज ग्राइंडिंग करून घेणं म्हणजे दोन गल्ल्या चालणं. ती सपाट होऊन आली, नवं गॅस्केट घातलं, ट्रिम हळूहळू शून्याकडे सरकला. सेन्सर परत बसवताना मिस्त्रींनी पांढऱ्या दोन तारांमध्ये, म्हणजे हीटरमध्ये, मल्टिमीटरने रेझिस्टन्स तपासला. हेडर लांब पडला म्हणून ओढून जोडलेली वायर नळीला टेकत होती, ती सोडवून बांधली. आट्यांना अँटिसीझ लावलं, टोकाला मात्र अजिबात लागू दिलं नाही.

राहिला पी०४२०. स्कॅनरने तो पुसता येतो, पण कॅटची तपासणी लागोपाठ दोन फेऱ्यांत नापास झाली की दिवा सहसा परत लागतो. म्हणून ‘कालच घालवला होता, आज परत आला’ ही तक्रार रोजची. काही जण सेन्सरखाली स्पेसर टाकून त्याला धुरापासून लांब नेतात, काही जण ईसीयूचा मॅप बदलून तपासणीच बंद करतात. दिवा विझतो, धूर तोच राहतो. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांची पीयूसी वाढवलेल्या आरपीएमवरही होते आणि तिथे कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा कॅट नसताना गाठणं अवघड जातं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

मिस्त्रींनी शेवटी विचारलं, “काढलेला कॅट कुठाय?” तरुणाला माहीतच नव्हतं. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा आवाजासाठी नळी बदलायचीच असेल तर कॅटच्या मागची बदला. आणि कुणी कॅट कापलाच असेल, तर तो गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. मागून घ्या आणि परत बसवून घ्या.