पाकिटाची मागची बाजू

पनवेलच्या एसटी स्थानकापासून खारघर, कामोठे, कळंबोलीच्या किराणा दुकानांपर्यंत दोरीला टांगलेली वेफर्सची, नूडल्सची आणि बिस्किटांची जी पाकिटे दिसतात, त्यांची पुढची बाजू गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी असते आणि मागची बाजू कायद्याने छापायला लावलेली असते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखाली काम करणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण चरबी, संपृक्त चरबी (तूप, लोणी, पामतेल यांत अधिक आढळणारी), ट्रान्स फॅट (तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत तयार होणारी, हृदयाला विशेष घातक चरबी), कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे प्रमाण तेथे द्यावे लागते; शिवाय घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागत असल्याने ज्याचे नाव पहिले तो पदार्थ सर्वांत जास्त, हे त्यातून कळते.

ही माहिती खरी असली तरी ती वाचायला गणित यावे लागते. समजा, एका ९० ग्रॅमच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे ९०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि एका वेळी खाण्याचा वाटा, म्हणजे ‘सर्व्हिंग’, ३० ग्रॅमचा धरला आहे. प्रौढ माणसासाठी दिवसाला २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच सुमारे ५ ग्रॅम मीठ, ही मर्यादा धरून टक्केवारी काढली जाते. त्या हिशेबाने वाट्यासमोर साडेतेरा टक्के हा निरुपद्रवी आकडा दिसतो. फोडलेले पाकीट कोणी तिसऱ्या हिश्शावर थांबून घडी घालून ठेवत नाही, आणि ते संपले की ८१० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दोन ग्रॅम मीठ, दिवसाच्या वाट्याचे चाळीस टक्के, पोटात गेलेले असते. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते, हे साधे सूत्र मात्र पाकिटावर छापलेले नसते.

भाषेची अडचण त्याहून मोठी आहे. नियमांप्रमाणे हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. मराठीला मनाई नाही, पण सक्तीही नाही. त्यामुळे कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांत विकल्या जाणाऱ्या पाकिटातला मैदा ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ या इंग्रजी नावाखाली खपून जातो. वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच असेल, तर पोषणाचा तक्ता त्यावर न छापण्याची सवलतही आहे, आणि मुलांच्या हाती सर्वाधिक पडणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांचा आकार बहुधा तेवढाच असतो. सुटे फरसाण आणि वडापाव तर या सगळ्याच्या बाहेरच राहतात. उपाहारगृहांना उष्मांक लिहिणे बंधनकारक आहे ते केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना.

मग लेबलांचा उपयोग काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परदेशांतला अनुभव पाहिला, तर त्यांचा धाक गिऱ्हाइकाइतकाच, कित्येकदा त्याहून अधिक, उत्पादकाला बसतो. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांच्या पुढच्या बाजूवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले, त्यासोबत मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतील विक्रीवर बंधने घातली. त्यानंतरच्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली आणि अनेक कंपन्यांनी काळा शिक्का टाळण्यासाठी पदार्थांतली साखरच कमी केली. भारतात याच प्राधिकरणाच्या २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतची श्रेणी सुचवली गेली, जीत प्रथिने किंवा फळांचा अंश दाखवून जादा साखरेची भरपाई करता येते, असा आरोग्यतज्ज्ञांचा आक्षेप आहे, आणि तो रास्तच आहे. पुढच्या बाजूवरील लेबलांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये शिफारशींसाठी तीन महिने दिले. पुढे ती मुदतही वाढवावी लागली.

त्याच वर्षी जुलैत नागपूरच्या एम्समध्ये समोसा-जिलेबीतले तेल आणि साखर सांगणारे फलक लागणार, या बातमीने एवढा गदारोळ उडाला की, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे लावण्याचा कोणताही आदेश नाही, असा खुलासा केंद्र सरकारला करावा लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत, हे लक्षात घेता फलकापेक्षा खुलाशाची घाई अधिक खटकते.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर, मराठीत, ‘मीठ जास्त’ किंवा ‘साखर जास्त’ एवढे ठळक छापण्याची सक्ती होत नाही, तोवर ग्राहकाने वाट्याचा रकाना सोडून शंभर ग्रॅमचा रकाना पाहावा आणि संपूर्ण पाकिटाच्या वजनाप्रमाणे हिशेब करावा.