दाव्याची नोंद आणि विमाधारकाचा हक्क

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत अडयार नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, तेव्हा माझी मोटार इमारतीच्या तळघरात उभी होती. त्याआधी सलग पाच वर्षे मी एकही दावा केला नव्हता. पुढच्या नूतनीकरणात मात्र माझा ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर आला. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. पण उभ्या मोटारीत पाणी शिरले, यात माझा निष्काळजीपणा कोणता, हा प्रश्न उरलाच.

हिशेब साधा आहे. वाहनाच्या नुकसानीपोटीचा मूळ हप्ता १०,००० रुपये धरला, तर पूर्ण सवलतीनंतर ५,००० भरावे लागतात. एका दाव्यानंतर सवलत शून्य होते. मग पायऱ्या २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५० टक्के. पाच वर्षांत एकूण १२,५०० रुपये जादा जातात. म्हणूनच लहान दुरुस्ती लोक पदरच्या पैशाने करतात. सवलत राखणारे पूरक संरक्षण मिळते, पण वेगळे पैसे मोजून.

दाव्यांचा इतिहास पाहूच नये, असे मी म्हणत नाही. तसे केल्यास बेदरकार चालकाचा भार सावध चालकावर पडेल. प्रश्न पारदर्शकतेचा आहे. २००६ अखेरपर्यंत दर सर्वांसाठी छापील होते. १ जानेवारी २००७ पासून दरमुक्ती आली आणि कोणत्या दाव्याला किती वजन द्यायचे, हे कंपनीचे अंतर्गत गणित झाले. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीने १ एप्रिल २०२१ पासून घरविम्याच्या अटी समान केल्या. हप्ता मात्र कंपनीच ठरवते.

कर्जाच्या बाबतीत २००५ च्या पतमाहिती कंपन्या कायद्याने नागरिकाला स्वतःची नोंद पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला. दाव्यांच्या नोंदींसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील सर्वसाधारण हक्कांना विमा नियामकाने नेमके रूप द्यावे: वर्षातून एकदा नोंदीची मोफत प्रत, वाढीव हप्त्याचे लेखी कारण, जुन्या दाव्यांना कालमर्यादा आणि नैसर्गिक आपत्तीच्या दाव्यांची वेगळी गणना.

पुराचा धोका हप्त्यात धरायचाच असेल, तर तो त्या परिसराचा धोका म्हणून धरावा. मालकाच्या वर्तनाचा दोष म्हणून नव्हे.